माझी संघटना: स्थापना ते हकालपट्टी

सोमवार, ८ सप्टेंबर

जर्मनच्या क्लासच्या बाईंनी सांगितलंय, रोज डायरीत पाच वाक्यं लिहायची. जर्मनमध्ये. मी लिहिली: मी उठलो. मी नान लावले. मी नान लावले. मी नान लावले. मी झोपलो. बाई म्हणाल्या, व्याकरण बरोबर आहे, पण आयुष्य थोडं जास्त असू दे.

म्हणून ही दुसरी वही. मराठीत. बाईंना मराठी येत नाही, हा हिचा मोठा गुण.

तर मी श्रीरंग, राहणार पैठण, शिक्षण आठवी. नववीच्या वर्गात चार महिने बसलो, पण ते मोजत नाहीत. सहा वर्षं वाळूजच्या ढाब्यावर तंदूर सांभाळला, त्या दाखल्यावर जर्मनीने मला खास स्वयंपाकी म्हणून बोलावलं. कायझर्सलाउटर्नला 'दख्खन' नावाचं हॉटेल आहे, तिथे. माझा व्हिसा या हॉटेलला बांधलाय, म्हणजे वहीदचाचांना बांधलाय, म्हणजे चाचांच्या तब्येतीला बांधलाय. ते शिंकले की मी तापाची गोळी आणून देतो.

चाचा कराचीचे, अडुसष्ट वर्षांचे. पण त्यांची आई औरंगाबादची, शहागंजची. त्यामुळे कराचीचा हा माणूस आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यासारखा 'नक्को' आणि 'कैकू' करतो. गावाचं नाव आता बदललंय, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा? आमचंही बरंच बदललं," आणि कांदा चिरत राहिले. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिणार आहे. वही माझी आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

आज दुपारी एक मुलगी आली. दोन मोठ्या बॅगा, एक प्रेशर कुकर हातात. बॅगेत बसला नाही म्हणे. नाव स्पृहा, पुण्याची, युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलीय. खोली नाही. आठ दिवस कुणा मैत्रिणीच्या सोफ्यावर आहे आणि सोफ्याचा मालक आता सोफ्यावर परत येणार आहे. दाल खाताना ती रडली नाही, पण तीन नान खाल्ले. पुण्याच्या मुली तीन नान खात नाहीत. म्हणजे परिस्थिती गंभीर.

तिच्याबरोबर हृषिकेश होता. दुसऱ्या वर्षाला आहे, बोलतो तेव्हा समोर माइक असल्यासारखा बोलतो. त्याने मला इथली पद्धत समजावली. खोली सोडणारा माणूस मालकाला पुढच्या भाडेकरूचं नाव सुचवतो. त्या पुढच्याला नाखमीटर म्हणतात. मालक बहुतेक तेच नाव घेतो, कारण त्याला जाहिरात, चौकशी, डोकेदुखी नको असते. आता तेलुगू पोरं तेलुगू पोराचं नाव देतात. केरळवाले केरळवाल्याचं. पंजाब्यांचा वेगळा ग्रुप, तमिळ लोकांचा वेगळा. "आणि आपली माणसं?" मी विचारलं.

"आपली माणसं खोली सोडताना शेवटच्या दिवशी मालकाला फोन करतात आणि सांगतात, कुणालाही द्या."

स्पृहा म्हणाली, "कारण आपण मोठ्या मनाचे."

तिच्या तोंडून ते शिवीसारखं वाटलं. मी तिला चौथा नान दिला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आमचं हॉटेल दुपारी अडीच ते पाच बंद असतं. तेव्हा मी आणि चाचा मागच्या टेबलावर चहा घेतो. मी तणतणत होतो. सगळ्यांची संघटना आहे, आपलीच नाही.

चाचांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हे वाक्य मी आधी ऐकलंय."

मग सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साल, कराची युनिव्हर्सिटी. चाचा एकवीस वर्षांचे, संख्याशास्त्र शिकत होते. पंजाबी पोरांची संघटना, पठाणांची, बलुच्यांची, सिंध्यांची. ज्यांचे आईबाप हिंदुस्थानातून आले त्यांची कुठलीच नाही. नोकऱ्या, प्रवेश, सगळीकडे कोटा, आणि यांना वाटायचं की त्यात आपला वाटा शहरातल्या नळासारखा, नाव मोठं आणि पाणी नाही. या लोकांना मुहाजिर म्हणायचे. चाचा म्हणाले, "मी कराचीतच जन्मलो. कुठूनही आलो नव्हतो. तरी आलेला." मग काही पोरांनी ठरवलं की ज्या नावाने चिडवतात तेच पाटीवर लिहायचं. मुहाजिर विद्यार्थ्यांची संघटना. पहिल्यांदा हसले सगळे.

"मग केलं काय तुम्ही?"

"टेबल टाकलं."

एवढंच. प्रवेशाच्या दिवसांत युनिव्हर्सिटीच्या दारात एक टेबल. नवीन पोरांना फॉर्म भरून द्यायचे, कुठल्या खिडकीत जायचं ते सांगायचं. भाषण नाही, काही नाही. चाचांचं अक्षर चांगलं, म्हणून रजिस्टर त्यांच्याकडे. नाव, विषय, पत्ता. दुसऱ्या संघटनेच्या पोरांनी टेबल मोडलं. यांनी दुसरं आणलं. तेही मोडलं. शेवटी यांना मारून युनिव्हर्सिटीतून बाहेर काढलं, तेव्हा टेबल मोहल्ल्यात गेलं. आणि मोहल्ल्यात गेलं ते पसरलंच. सहा वर्षांत पक्ष, दहा वर्षांत सगळं शहर.

मी म्हटलं, "चाचा, जबरदस्त."

ते म्हणाले, "चहा गार झाला," आणि उठले.

माणसाने शहर जिंकलं आणि चेहरा असा की दूध नासलंय.

शनिवार, २० सप्टेंबर

स्थापना झाली. युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनबाहेर. हजर: मी, हृषिकेश, स्पृहा, आणखी अकरा विद्यार्थी, आणि शाजी.

शाजीबद्दल लिहायला हवं. शाजी केरळचा, कोट्टायमचा, इथल्या हॉस्पिटलात नर्स. मी मागच्या वर्षी आलो तेव्हा हॉटेलच्या वरची खोली गळत होती आणि माझी सोय नव्हती. शाजी रविवारी जेवायला यायचा, त्याला कळलं. त्याने मला हॉस्पिटलच्या स्टाफ हॉस्टेलमध्ये स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. तिथे पाहुणा ठेवायची सक्त मनाई. चौदा चौरस मीटरची खोली, एक पलंग. तेवीस दिवस मी जमिनीवर. हाउसमास्टर आला की मी कपाटात. एकदा मी कपाटात शिंकलो आणि शाजी हाउसमास्टरसमोर सहा वेळा खोटं शिंकला. पकडला असता तर त्याची खोली गेली असती. मी आभार मानले तेव्हा म्हणाला, "श्रीरंग भाई, फ्लोर तो खालीच था."

तर संघटनेसाठी टेबल हवं होतं. ते शाजीनेच आणलं, हॉस्टेलच्या तळघरातून, घडीचं, बसमध्ये घालून. आल्याचा चहाही त्यानेच आणला थर्मासमधून. भाषणातलं त्याला काही कळत नव्हतं, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायचा.

मी अध्यक्ष. कारण हॉटेल माझ्याकडे, म्हणजे मीटिंगला जागा आणि भजी माझ्याकडे. हृषिकेश सरचिटणीस. तो म्हणाला, "आल्झो, तर सर्वप्रथम डेटाबेस." म्हणजे यादी. नाव, विषय, पत्ता, खोली कधी सोडणार. मी सांगितलं, सगळ्यांची नावं घाल. शाजीचंही घातलं, सातव्या नंबरवर. पत्ता: स्टाफ हॉस्टेल.

नियम एकच ठरला. मराठी माणसाची खोली मराठी माणसालाच. टाळ्या. शाजीनेही वाजवल्या.

शनिवार, २७ सप्टेंबर

आठवड्यात दोन खोल्या फिरवल्या. एक औरंगाबादच्याच पोराला मिळाली, दुसरी लातूरच्या. लातूरचा माझ्या पाया पडायला वाकला. मी आठवी, तो बी.टेक. मी पाय मागे घेतले, पण जरा सावकाश घेतले.

टेबल रोज असतं. शाजी ड्यूटी संपली की चहा घेऊन येतो. आम्ही मराठीत भांडतो आणि तो साखर विचारत फिरतो.

स्पृहाचा नंबर यादीत चौदावा आहे. मी हृषिकेशला म्हटलं, तिला जरा वर घे. तो म्हणाला, "पारदर्शकता." स्पृहा म्हणाली, "राहू दे रे, मी शोधतेय माझी माझी." ती माझ्याकडे बघून हसली. किंवा माझ्या मागे घड्याळ होतं, त्याकडे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

पद्माकर काकांकडे जेवायला. काका मेकॅनिकल इंजिनियर, इथे अकरा वर्षं. नीताकाकूंनी श्रीखंड केलं होतं. आपट्याची पानं नाहीत, म्हणून मेपलची पानं सोनं म्हणून वाटली. वेदांग, त्यांचा मुलगा, त्याला सगळं मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देतो. मी त्याला सोनं दिलं. तो जर्मनमध्ये म्हणाला की हे पान आहे. मुद्दा बिनतोड.

मोठी बातमी. काकांना हेर्त्सोगेनआउराखला नोकरी मिळाली. महिनाअखेर घर सोडणार. अडीच खोल्यांचं, अठ्ठावन्न चौरस मीटर, बाल्कनी, स्टेशनपासून दहा मिनिटं. इथे घर सोडताना भिंती रंगवून द्याव्या लागतात. काकूंनी विचारलं, "श्रीरंग, तू रंग देशील का रे? यांना ब्रश धरला की पाठ आठवते."

"अगं, पाठ आहे म्हणून आठवते," काका म्हणाले. मग मला: "आणि हे बघ, फ्राउ लांग, आमच्या घरमालकीणबाई, त्यांनी नाखमीटर मागितलाय. मी कुणाला ओळखतो? माझी सगळी ओळख टर्बाइनशी. तू संघटना काढलीयस ना? तू नाव सांग, मी देतो. चोवीस तारखेपर्यंत. माणूस शांत हवा, एवढंच बघ."

मी रंगकामासाठी किल्ली घेऊन घरी आलो. अडीच खोल्यांची किल्ली. माझ्या खिशात आजवर एवढी मोठी वस्तू कधी नव्हती.

रविवार, ५ ऑक्टोबर

मीटिंग, हॉटेलात, दुपारच्या बंद वेळात. आता बत्तीस जण आहेत. हृषिकेशने स्क्रीनवर यादी दाखवली आणि सातव्या नंबरवर थांबला.

"एक संवेदनशील विषय आहे. सदस्य क्रमांक सात महाराष्ट्रीयन नाहीत."

मी म्हटलं, "तो चहा आणतो."

"गेनाऊ, अगदी तेच. तो इथलं सगळं ऐकतो. उद्या खोली सुटली की त्याच्या ग्रुपला आधी कळणार. मी आरोप करत नाहीये. मी रचनेबद्दल बोलतोय."

कुणीतरी मागून म्हणालं, त्यांच्या ग्रुपमध्ये आपण आहोत का? नाही. मग? बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. बत्तीस माणसं बघायला लागली की अध्यक्षाला काहीतरी बोलावं लागतं. मला वाटलं, वहीदचाचांनी एवढं मोठं काम केलं, त्यांनी काय मऊपणाने केलं असेल? मी म्हटलं, ठीक आहे, मी बोलतो त्याच्याशी.

हृषिकेशने सातवी ओळ लाल केली. मग पुसली. खालचे सगळे एक घर वर सरकले. स्पृहा तेरावी झाली.

शाजी बाहेर थर्मास धरून उभा होता. मी हिंदीत म्हटलं, "शाजी, कल से मत आना. मीटिंग में सिर्फ मराठी लोग. रूल है."

तो म्हणाला, "अच्छा. चाय?"

"चाय भी."

"टेबल रखूं या ले जाऊं?"

मी म्हटलं, रख. तो थर्मास घेऊन गेला. सोपं गेलं. मला वाटलं होतं वाईट वाटून घेईल.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

शाजी रविवारी रात्री जेवायलाही आला नव्हता हे आज लक्षात आलं. ड्यूटी असेल.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

चाचांनी विचारलं, "तुझा तो केरळवाला कुठंय? चार दिवस आल्याचा वास नाही."

मी सांगितलं. शिस्त वगैरे. मला वाटलं खूश होतील. ते उठले. मागच्या खोलीत गेले, तांदळाच्या पोत्यांमागचं लोखंडी कपाट उघडलं आणि एक रजिस्टर आणून माझ्यापुढे ठेवलं. पुठ्ठा गेलेला, पानं बिस्किटासारखी. "हे ते पहिलं," म्हणाले. त्र्याण्णवला जीव घेऊन जर्मनीत आले तेव्हा बॅगेत दोन शर्ट आणि हे.

मला उर्दू येत नाही. पण अक्षर सुंदर आहे, लग्नाच्या पत्रिकेसारखं. पहिल्याच पानावर एक ओळ खोडलीय. नुसती रेघ नाही, शाई घोळवून घोळवून. कागद तिथे फाटायला आलाय. मी म्हटलं, "चाचा, नाव दोनदा लिहिलं गेलं होतं का?"

"नाही. एकदाच."

मग गिऱ्हाईक आलं. रजिस्टर मी नीट परत ठेवलं. असा वारसा जपायला पाहिजे. आम्हीही एक्सेलची प्रिंट काढून ठेवू.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काकांच्या घरी रंग दिला. मोठी खोली संपली. भिंत पांढरी झाली की घर दुप्पट दिसतं. लहान खोलीत एक पाळणा बसेल एवढी जागा खिडकीखाली आहे. असंच वाटलं.

परत येताना बस स्टॉपवर शाजी. मला वाटलं तोंड फिरवेल. त्याने बाजूला सरकून जागा दिली. हातात परदेशी लोकांच्या ऑफिसचं पत्र होतं. त्याची बायको बीना आणि सात महिन्यांची मुलगी कोट्टायमला आहेत. मुलीला त्याने अजून फोनवरच पाहिलंय. व्हिसाचं सगळं झालंय, एक कागद सोडून. तिघांना पुरेल एवढ्या जागेचा भाडेकरार. चौदा चौरस मीटर चालत नाहीत. एकतीस तारखेपर्यंत करार दिला नाही तर फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष.

"तुम्हारा केरल ग्रुप?" मी विचारलं.

"उधर सब सिंगल रूम, भाई. फॅमिली वाला कोई नहीं छोड़ता."

त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. माझ्या हातावरचा पांढरा रंग बघून म्हणाला, "नया काम?" मी म्हटलं, हां, थोडा पेंटिंग. किल्ली खिशात टोचत होती. त्याची बस आधी आली.

सोमवार, २० ऑक्टोबर. दिवाळी

मीटिंग. विषय: अठ्ठावन्न चौरस मीटर.

हृषिकेशने योजना मांडली. घर संघटनेचं. एका खोलीत कार्यालय, दुसऱ्या खोलीत तो स्वतः, अर्ध्या खोलीत त्याचा एक मित्र. मी विचारलं, यादीत वर सहा जण आहेत, त्यांचं काय. तो म्हणाला, "श्रीरंगदादा, कार्यालयात सरचिटणीस राहतातच. ही व्यवस्था आहे, सवलत नाही." स्वतःची खोली मात्र तो सध्या सोडणार नव्हता. तिथे सामान ठेवायचं होतं.

मी म्हटलं, "एका कुटुंबाला गरज आहे."

"मराठी?"

"कुटुंब आहे."

"मी विचारलं, मराठी?"

स्पृहा अख्ख्या मीटिंगमध्ये फोनवर होती. आता मान वर केली आणि म्हणाली, "कार्यालयात नेमकं काय करणार आपण? दारावर पाटी लावून खोली शोधणार?" काही जण हसले. हृषिकेशने ठराव मताला टाकला. एकोणतीस विरुद्ध दोन. एक स्पृहा. एक मी, पण माझा हात खांद्याच्या वर गेला नाही, त्यामुळे हृषिकेशने दोनदा विचारून मोजला.

चकल्या माझ्या होत्या. संपवल्या त्यांनी.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दुपारी चाचांना सांगितलं. घर, शाजीचं पत्र, ठराव, सगळं. म्हटलं, तुम्ही अनुभवी, सांगा. नियम मोडला तर संघटना मोडते ना?

चाचा पुदिना निवडत होते. निवडता निवडताच बोलले.

"त्या टेबलावर एक सिंधी होता. इमदाद सोमरो. दादूचा, हॉस्टेलला राहायचा. त्याचा आमच्या चळवळीशी संबंध काय? काही नाही. पण त्याच्याकडे सायकल होती आणि माझ्याकडे पोस्टर होते. तो हँडल धरायचा, मी मागे खळीचा डबा घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी रजिस्टरमध्ये मी त्याचंही नाव लिहिलं, गंमत म्हणून. पत्त्यासकट. तिसऱ्या आठवड्यात पोरं म्हणाली, हा आपल्यात काय करतो? अक्षर माझं, मित्र माझा, म्हणून निरोपही माझा. मी त्याला सांगितलं, कल से मत आना."

मी पुदिन्याकडे बघत राहिलो.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, सायकल ठेवू का?"

चाचांनी पुदिन्याची पुढची जुडी सोडली.

"आम्ही चुकीचं मागत नव्हतो बरं का. आजही सांगतो. पोरांना प्रवेश मिळत नव्हते, हे खरं होतं. टेबल खरं होतं. पण पहिल्यांदा टेबल कशासाठी, हे आम्ही विचारायचो. मग टेबलावर कोण, हेच विचारायला लागलो. दहा वर्षांनी शहर पेटलं. दोन्ही बाजूंनी. तोवर इमदाद मास्तर झाला होता, आमच्याच मोहल्ल्यात घर घेतलं होतं. एका सकाळी त्याच्या दारावर चुन्याची खूण होती. फक्त त्याच्या. खूण करायला पत्ता लागतो."

"तुमच्या रजिस्टरमधून?"

"त्यात पत्ता हॉस्टेलचा होता. नवा पत्ता मोहल्ल्यात कुणालाही माहीत होता. माझा काही संबंध नाही, हे मी सदतीस वर्षं स्वतःला सांगतोय." त्यांनी काड्या गोळा केल्या. "तो वाचला. टेम्पोत सामान भरलं, बायको-मुलं पुढे बसवली. मी गच्चीवरून बघितलं. खाली गेलो नाही. रात्री रजिस्टर काढलं आणि त्याची ओळ खोडली. एवढी खोडली की कुणाला वाचता येऊ नये. आता मलाच वाचता येत नाही."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"मला काय विचारतो? मी तंदूरी चिकन विकतो."

मी पण तेच शब्द वापरले होते. फक्त माझ्याकडे सायकलच्या जागी टेबल होतं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी हृषिकेशचे सात मेसेज. नाव दिलं का? पाठवलं का? स्क्रीनशॉट टाका.

काकांना फोन केला. काकूंनी उचलला. "अहो, श्रीरंगचा फोन," मागे हाक गेली. काका आले. मी म्हटलं, नाव शाजी थॉमस. नर्स आहे. बायको, एक मुलगी. शांत आहे, कपाटातला माणूस शिंकला तरी शांत राहतो.

"काय?"

"काही नाही काका. चांगला आहे."

"पण तुमची संघटना मराठी ना?"

"हो. तीही शांत होईल आता."

काका हसले. म्हणाले, फ्राउ लांगला नर्स म्हटलं की आनंदच होईल, तिचे गुडघे गेलेत.

शाजीला हॉस्पिटलच्या दारात गाठलं. सांगितलं. त्याने थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "लेकिन रूल?" मी म्हटलं, रूल बनाने वाला आठवी फेल है.

खरं तर मी आठवी पास आहे. पण त्या क्षणी बरं वाटलं.

माफीही मागायची होती. शब्द जुळवत होतो तोवर त्याने थर्मास उघडला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी हृषिकेशने मला ग्रुपमधून काढलं. ग्रुप मीच बनवला होता. आयकॉनवर माझ्या तंदूरचा फोटो आहे, तो अजून तसाच आहे म्हणे. कारण दिलंय: संघटनाविरोधी कृती. लातूरच्या पोराने अनुमोदन दिलं. पाय मी फुकट मागे घेतले.

दुपारी चाचांना म्हटलं, माझी हकालपट्टी झाली. संस्थापकाची.

चाचा हसायला लागले. मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत. मी तापाची गोळी आणायला उठलो तर हात धरून बसवलं. "पाच आठवडे," ते म्हणाले. "मला अक्कल यायला किती लागली, विचार."

मी नाही विचारलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

करार झाला. शाजीने कागद ऑफिसात जमा केला, एक दिवस आधी. पोचपावतीचा फोटो पाठवला. फोटोत त्याचा अंगठा कागदावर आलाय, अर्धं काही वाचता येत नाही.

स्पृहाला खोली मिळाली. कुणाच्याच यादीतून नाही. बेकरीत चिठ्ठी लावली होती, एका जर्मन आजींनी वाचली. अट: आठवड्यातून दोनदा पत्ते खेळायचे आणि मुद्दाम हरायचं नाही. स्पृहा कुकर न्यायला आली, आमच्याकडे ठेवला होता. मी म्हटलं, येत जा. ती म्हणाली, येईन की, माझा मित्र पण येतोय डिसेंबरमध्ये पुण्याहून, त्याला तुझे नान खायचेत.

मी म्हटलं, चारसुद्धा देऊ.

शनिवार, १ नोव्हेंबर. सुट्टी

इथे घरात राहायला गेल्यावर पहिलं काम म्हणजे दाराच्या बेलवर नाव लावणं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, म्हणजे तुम्ही नाहीच. शाजीने मलाच सांगितलं, तू लाव. काकांच्या नावाची पट्टी काढली, नवी सरकवली. तीन वेळा वाकडी बसली. बीना फोनवर होती, कोट्टायमहून बघत होती. मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली. शाजीने भाषांतर केलं: "बोलती है, लेफ्ट साइड ऊपर."

मग त्याने बेल वाजवून बघितली. वर रिकाम्या घरात वाजली. त्याने पुन्हा वाजवली. फ्राउ लांग खिडकीतून म्हणाल्या की आज सुट्टी आहे, शांतता पाळा.

घडीचं टेबल संघटनेकडून मी परत आणलं. त्यांनी अडवलं नाही, त्यांना आता ऑनलाइन फॉर्म आहे. सध्या शाजीच्या घरात तेवढंच फर्निचर आहे. त्यावर चहा प्यायलो, उभ्याने.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज दुपारच्या बंद वेळात चाचांनी माझा फोन मागितला. त्यांना फेसबुक येत नाही. म्हणाले, "एक नाव शोध. इंग्रजीत लिही. इमदाद सोमरो."

लिहिलं. मला वाटलं एखादा निघेल. चाळीस निघाले, आणि खाली 'आणखी पाहा' लिहिलेलं.

चाचांनी चष्मा पुसला. पहिला बघितला: मिशावाला, ट्रॅक्टरवर. "हा नाही." दुसरा विशीतला. "हा नाही." तिसऱ्याने स्वतःच्या फोटोच्या जागी गुलाब लावलाय. त्याच्यावर ते थांबले, मग पुढे गेले. सातव्याला सायकल होती. मी म्हटलं, चाचा, सायकल. ते म्हणाले, "अरे, ही गिअरची आहे."

पाच वाजले. बाहेर गिऱ्हाईक दार ढकलतंय. तंदूर पेटवायचा राहिलाय. मी उठलो नाही, त्यांनीही उठवलं नाही. सतराव्यावर आलोत.